परदेशी सफर आणि फोटोंची राखण

आमच्या अम्मींच्या पलंगाशेजारी एक लहानशी फ्रेम आहे. त्यात अम्मी आणि त्यांची मोठी बहीण, म्हणजे आमच्या खाला, मस्कतच्या मत्रा बाजाराच्या दाराशी उभ्या आहेत. बहिणी-बहिणींची ती भेट अकरा वर्षांनी झाली होती. त्या आठ दिवसांत आम्ही शेकडो फोटो काढले. आज हाती आहेत ते तीन.

झालं असं, की परतीच्या आदल्या दिवशी सगळे वादी शाबला गेलो. खिशात फोन ठेवूनच मुलगा पाण्यात उतरला. फोन पुन्हा सुरू झालाच नाही. गावी आल्यावर दुरुस्तीवाल्याला दाखवला, तेव्हा त्याने समजावलं, की आजकालच्या फोनमधली माहिती त्या फोनच्याच चिपशी कुलूपबंद केलेली असते. मेमरी काढून दुसरीकडे लावली तरी फोटो वाचता येत नाहीत. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेले तेवढे तीन वाचले.

पुढच्या वर्षी खालांचा इंतकाल झाला. अम्मींनी त्यांचा मोठा फोटो करून मागितला. आम्ही स्टुडिओत गेलो. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो लहान होऊन पोहोचतो. त्यातून खालांचा चेहरा कापून मोठा केला, तर तो फुटू लागला. अम्मी काही बोलल्या नाहीत. हातभर फ्रेम घ्यायची ठरली होती, ती तळहाताएवढी घेतली.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत खालांच्या मुला-नातवंडांना भेटायला आम्ही पुन्हा मस्कतला गेलो. या वेळी निघण्यापूर्वी फोटोंचा बंदोबस्त केला. त्याला फार खर्च आला नाही. तुमच्यापैकी अनेकांचे नातेवाईक आखातात आहेत, म्हणून तो इथे सविस्तर सांगतो.

पहिलं काम, हिशेब. वर्गात मुलांना गुणाकार शिकवतो, तोच इथे उपयोगी पडला. साध्या फोनचा एक फोटो सुमारे ४ एमबीचा असतो. रोज ८० फोटो धरले तर आठ दिवसांचे ६४०, म्हणजे अडीच जीबीच्या आसपास. खरी जागा व्हिडिओ खातो. १०८० च्या सेटिंगवर एका मिनिटाला साधारण १३० एमबी लागतात, आणि ४-के ठेवलं तर ३५० पर्यंत. रोज पाच मिनिटांचा व्हिडिओ धरला, तर आठ दिवसांचे पहिल्या सेटिंगवर सव्वापाच जीबी आणि दुसऱ्यावर १४ जीबी होतात. घरच्या आठवणींसाठी १०८० पुष्कळ झालं. आम्ही सेटिंग बदललं आणि सगळा हिशेब आठ जीबीच्या आत बसला. एवढ्यासाठी दरमहा पैसे भरून जागा घेण्याची गरज नव्हती.

दुसरं काम, दोन पेनड्राइव्ह. ज्याचं एक टोक थेट फोनच्या चार्जिंगच्या जागेत बसतं असा पेनड्राइव्ह बाजारात मिळतो. ३२ जीबीचे दोन घेतले. घरी जुना पेनड्राइव्ह असेल तर ओटीजी नावाची छोटी जोडणी घेतली तरी काम होतं. मात्र काही शे रुपयांत एक टीबी अशी जाहिरात दिसली तर हात आखडा. अशा पेनड्राइव्हवर आकडा मोठा छापलेला असतो आणि आत जागा थोडीच असते. ती भरली की पुढचे फोटो खराब होतात. ओळखीच्या दुकानातून घ्या आणि निघण्यापूर्वी घरीच करून पाहा. आणखी एक अडचण आधीच सांगून ठेवतो. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल तो घेत नाही. निकाहचा सलग पाऊण तासाचा व्हिडिओ असेल तर तो अडेल. दुकानदाराकडून एक्सफॅट करून घ्या आणि आपला फोन तो वाचतो का, हेही पाहा.

तिसरं काम, रोज रात्रीचा नेम. जेवणं आटोपली की मुलगी फोनला पेनड्राइव्ह लावायची. त्या दिवसाचे फोटो कॉपी करायचे, हलवायचे नाहीत. हलवले तर फोनमधले जातात आणि प्रत पुन्हा एकच उरते. मग पेनड्राइव्हवरचे तीन-चार फोटो उघडून पाहायचे, इजेक्ट करायचं आणि मगच काढायचा. त्यानंतर हेच दुसऱ्या पेनड्राइव्हवर. वीस मिनिटांत सगळं आटोपायचं. एक पेनड्राइव्ह अम्मींच्या पर्समध्ये, दुसरा आमच्या खांद्यावरच्या बॅगेत. विमानात सोपवायच्या मोठ्या बॅगेत एकही नाही, कारण ती बॅग उशिरा येऊ शकते, कधी येतही नाही.

चौथं, इंटरनेटवरची मोफत जागा. गूगलच्या खात्याला १५ जीबी मोफत मिळतात, पण ई-मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. १ जून २०२१ पासून नवे फोटो या जागेत मोजले जातात. ॲपलच्या आयक्लाउडवर ५ जीबी मोफत आहेत. म्हणून निघण्यापूर्वी खात्यात किती जागा उरली आहे ते पाहा आणि जुने जड मेल काढून टाका. आम्ही खालांच्या मुलाच्या घरच्या वाय-फायवरून रोजचे निवडक वीस फोटोच वर चढवले. परदेशात पाय ठेवताच डेटा रोमिंग बंद करा. मोबाइल डेटावरून बॅकअप घेण्याची परवानगीही बंद ठेवा. नाहीतर फोटो फुकट चढतील आणि बिल मोठं येईल.

इथे एक चूक पुष्कळांकडून होते. फोनमध्ये जागा नाही म्हणून गूगल फोटोज उघडून फोटो पुसतात. तिथून पुसलेला, बॅकअप झालेला फोटो वरूनही जातो. कचरापेटीत तो ६० दिवस असतो, नंतर मिळत नाही. फोनमधली जागा तेवढी मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमधला ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरा. आम्ही तर घरी पोहोचेपर्यंत काहीच पुसायचं नाही, असं ठरवलं होतं. जुने व्हिडिओ आणि ग्रुपवरच्या शुभेच्छांचे ढीग निघण्यापूर्वीच काढले होते.

नातेवाइकांना फोटो पाठवताना, ज्याची पुढे छपाई करायची असेल तो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मग तो मूळ आकारात पोहोचतो. हे आम्हाला पहिल्या सफरीत माहीत असतं, तर खालांची फ्रेम मोठी झाली असती.

पेनड्राइव्ह हरवला तर तो ज्याच्या हाती पडेल त्याला आतलं सगळं दिसतं, हेही ध्यानात असू द्या. घरातल्या बायका-मुलींचे फोटो त्यात असतात. म्हणून तो चावीच्या जुडग्याला अडकवून फिरू नका. पासपोर्ट-व्हिसाचे फोटो त्यात ठेवू नका. हॉटेलच्या किंवा दुकानाच्या संगणकाला तो लावू नका. घरी आल्यावर सगळे फोटो संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर उतरवा, कारण पेनड्राइव्ह वर्षानुवर्षांच्या साठवणीसाठी भरवशाचा नसतो.

या वेळी आठही दिवसांचे फोटो घरी पोहोचले. त्यातले चाळीस आम्ही छापून अल्बममध्ये लावले. अम्मी रोज दुपारी तो घेऊन बसतात. खालांच्या धाकट्या नातीचा फोटो आला की थांबतात आणि म्हणतात, “बघ, हनुवटी अगदी आपाची.” मग शेजारची छोटी फ्रेम उचलून दोन्ही चेहरे जवळ धरून पाहतात. त्या फ्रेममधली हनुवटी नीट दिसत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि आम्हालाही.

तुमच्या घरातून कुणी परदेशी निघणार असेल, तर त्यांच्या बॅगेत एक पेनड्राइव्ह ठेवा, आणि दुसरा सोबतच्या माणसाच्या बॅगेत.