मालमोटारीचे भाडे आणि दलालाची मूठ

मालमोटारीचा मालक भांडवलदार की श्रमिक, हा प्रश्न आपल्या शाखांच्या बैठकांत अधूनमधून निघतो आणि बहुधा अर्धवटच सोडला जातो. भिलाईत तो असा सोडून चालणार नाही.

4 फेब्रुवारी 1959 रोजी सोविएत सहकार्याने येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. आज या कारखान्याच्या पोलादाचा मोठा हिस्सा रेल्वेने जातो. उरलेला माल, आणि आसपासच्या लहानमोठ्या कारखान्यांचा बहुतेक माल, राष्ट्रीय महामार्ग 53 वरून नागपूरकडे, पुढे जालना व कळंबोलीच्या पोलाद बाजाराकडे मालमोटारींतून जातो. या मोटारींचे असंख्य मालक एक-दोन गाड्यांचे धनी आहेत. गाडी नावावर असली तरी ती वित्त कंपनीकडे तारण असते. अनेकदा मालक स्वतःच चालक असतो.

त्याला माल कारखान्याकडून थेट मिळत नाही. वाहतुकीचा ठेका मोठ्या कंत्राटदाराकडे जातो. त्याच्या स्वतःच्या गाड्या पुरत नाहीत, म्हणून काम दलालाकडे येते आणि दलालाच्या फोनवरून गाडीवाल्याकडे. मूळ भाडे किती ठरले हे गाडीवाल्यास कोणी सांगत नाही. त्याच्या हाती पडतो तो मधल्या साऱ्यांनी आपापला वाटा काढून घेतल्यावर उरलेला आकडा. त्यातलाही काही भागच आगाऊ मिळतो. बाकी पोचपावती परत आल्यावर, आणि तीसुद्धा तूट, भिजलेला माल, उशीर अशी कारणे दाखवून कापून. माल उतरवून घेण्यास व्यापाऱ्याने दोन दिवस लावले तर खोळंब्याचे पैसे मागणारा गाडीवाला ‘भांडखोर’ ठरतो, आणि पुढच्या खेपेला त्याचा फोन वाजत नाही. परतीचा माल मिळविताना तर तो अगदीच अगतिक असतो: रिकामी गाडी नेण्यापेक्षा डिझेलपुरते भाडे बरे, असे म्हणून तो होकार देतो, आणि तोच आकडा दुसऱ्या दिवशी बाजारभाव म्हणून दुसऱ्याच्या तोंडावर फेकला जातो.

सरकारने या मुठीस बळच दिले आहे. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले. जुलै 2018 मध्ये वजनमर्यादा वाढविली गेली. तीन अ‍ॅक्सलच्या गाडीची 25 टनांवरून साडेअठ्ठावीस टनांवर. मालाइतका माल राहिला, वाहण्याची क्षमता मात्र एका अधिसूचनेने फुगली. अशा वेळी भाडे कोणत्या दिशेस जाणार?

कायदा नाही असे नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 93 व्या कलमानुसार माल गोळा करून पाठविणाऱ्या एजंटाला परवाना लागतो. त्याच कायद्याच्या मूळ 67 व्या कलमात मालवाहतुकीचे किमान व कमाल भाडे ठरविण्याविषयी निर्देश देण्याचा अधिकार राज्य सरकारांना होता. तो वापरण्याचे धैर्य दाखविले गेले असते तर आजची स्थिती वेगळी असती.

संघटित झालेल्या गाडीवाल्यांचे काय होते हे हिमाचलात दिसले. बरमाणा व दाडलाघाट येथे स्थानिकांच्या ट्रक संस्था पाळीपाळीने माल वाहतात आणि दर कंपनीशी ठरवितात. त्यांत सिमेंट कारखान्यांसाठी जमिनी दिलेली कुटुंबेही आहेत. 2022 मध्ये एसीसी व अंबुजा अदानी समूहाकडे गेल्या. भिलाईलगतचा जामुलचा कारखानाही त्याच एसीसीचा. डिसेंबर 2022 मध्ये समूहाने भाडे जास्त म्हणून हिमाचलातील दोन्ही कारखाने बंद केले. 67 दिवसांनी तडजोड झाली ती टनामागे किलोमीटरला 10 रुपये 30 पैसे आणि मोठ्या गाड्यांसाठी 9 रुपये 30 पैसे या, आधीपेक्षा कमी दरावर. माघार खरीच, पण दर सर्वांसमोर ठरला आणि सर्वांना माहीत आहे. भिलाईच्या गाडीवाल्यास एवढेही लाभलेले नाही. ब्राझीलमध्ये मे 2018 च्या संपानंतर त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये किमान भाड्याचा कायदा झाला, हेही येथे सांगितले पाहिजे.

काही साथी म्हणतील, गाडीवाला कालचा शेतकरी नि उद्याचा ठेकेदार. त्याच्यामागे आपण का धावावे? त्यांनी चिलीचा ऑक्टोबर 1972 आठवावा. तेथे ट्रकमालकांचा संप आयेंदे सरकारविरुद्ध वापरला गेला. सीआयएचा पैसा घेणाऱ्या खासगी संघटनांनी त्यास बळ दिल्याची नोंद अमेरिकी सिनेटच्या समितीने 1975 मध्ये केली. लहान मालकाला आपण दूर लोटले, तर त्याचा संताप कोणीतरी दुसरा उचलतो.

मात्र एक गोष्ट गाडीवाल्यालाही स्पष्ट सांगावी लागेल. दलाल भाडे कापतो तेव्हा मालक चालकाचा भत्ता कापतो, क्लीनर कमी करतो, एकाच चालकाला रात्रभर गाडी हाकायला लावतो. 2025 पर्यंत अमलात असलेला 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा आठ तासांचा दिवस सांगत होता, पण पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच तो लागू होता. एका गाडीचा चालक त्याच्या बाहेरच राहिला. म्हणून किमान भाड्याच्या मागणीत चालकाचे वेतन व कामाचे तास पहिल्या दिवसापासून लिहिलेले असावेत. खाणीतील ठेकेदारीविरुद्ध लढलेल्या आणि 28 सप्टेंबर 1991 रोजी शंकर गुहा नियोगींची हत्या पाहिलेल्या या नगरीत मधल्या माणसाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. पॉवर हाउस, सुपेला, खुर्सीपार येथील शाखांनी गाडीवाल्यांच्या व चालकांच्या एकत्र बैठका घ्याव्यात, आणि पहिल्याच बैठकीत दलालाने दिलेले भाडे प्रत्येकाने उघडपणे सांगावे.