पोकरमध्ये पहिली चाल तुमची असेल, तर पत्ते का टाकावेत? आणि नव्या गेमिंग कायद्याशी त्याचा संबंध काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंग कायदा मंजूर केला. त्यानंतर कंपन्यांनी पैसे लावून खेळायचे खेळ थांबवले. त्यात पोकरही आला. ‘हा जुगार नाही, डोक्याचा खेळ आहे’ असं या कंपन्या सांगत आल्या होत्या. हा दावा कितपत खरा? एका उदाहरणातून समजून घेऊया.

आधी बोलण्यात तोटा काय?

समजा, टेबलावर ९ खेळाडू आहेत. प्रत्येकाला दोन पत्ते मिळालेत आणि पहिला निर्णय तुमचा आहे. याला ‘अर्ली पोझिशन’ म्हणतात. तुमच्यानंतर अजून आठ जण बोलणार आहेत.

आता गणित बघा. सर्वांत भारी ५ टक्के हातांपैकी एखादा त्या आठांपैकी कुणाकडे तरी असण्याची शक्यता साधारण ३४ टक्के. तुमच्यानंतर फक्त दोघेच उरले असतील, तर हीच शक्यता १० टक्क्यांच्या आसपास येते. पत्ते तेच, पण जागेमुळे धोका तिपटीहून जास्त.

म्हणून जाणकार खेळाडू या जागेवरून मोठी जोडी, एक्का-राजा असे मोजकेच हात खेळतात. खेळलेच, तर सहसा रक्कम वाढवतात. नुसतं ‘कॉल’ केलं, तर मागच्यांना स्वस्तात आत येता येतं. नवखा मात्र एक्का-नऊवर भुलतो. पुढे एक्का आला तरी समोर एक्का-राजा असला, तर बहुतेक वेळा तो हरतो.

म्हणजे कौशल्य लागतं?

हो, लागतं. पण कोर्टांची मतं वेगवेगळी होती. रमीत कौशल्याचा भाग मोठा आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्येच म्हटलं होतं. गुजरात हायकोर्टाने मात्र २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवलं.

नव्या कायद्याने हा वादच बाजूला ठेवला. कौशल्य असो वा नशीब, जिंकण्यासाठी पैसे लावले की बंदी. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. परदेशातून भारतात चालवली जाणारी ॲपही या कायद्याच्या कक्षेत येतात. कायद्याला आव्हान देणारं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आहे.

मग मुद्दा कुठे अडतो?

कंपनीच्या वाट्यावर. याला ‘रेक’ म्हणतात. समजा, ९ जणांनी प्रत्येकी १,००० रुपये आणले आणि कंपनी डावामागून डाव आपला हिस्सा कापत राहिली. रात्र संपताना टेबलावर ९,००० रुपये उरत नाहीत. सगळे कितीही हुशार असले, तरी सगळ्यांचे मिळून पैसे कमीच होतात. तुम्हाला नफा हवा, तर दुसऱ्यांपेक्षा सरस असणं पुरत नाही. तो हिस्सा भरून निघेल इतकं सरस असावं लागतं.

पोकरमध्ये कौशल्य आहे, हे खरं. पण ते आपल्याकडे आहे, असं टेबलावरच्या जवळपास प्रत्येकालाच वाटतं. परदेशी ॲपची जाहिरात समोर आली, तर एवढं नक्की लक्षात ठेवा.