लिफ्ट अडवणारा बँड

ऑफिसमध्ये गळ्यातलं कार्ड दाखवलं की लिफ्ट तुम्हाला वर नेते. आता बरोब्बर उलटा फंडा बघा. मनगटावरचा बँड जवळ आला की लिफ्ट जागची हलतच नाही!

डिमेन्शिया झालेल्या आजी-आजोबांसाठी काही केअर होम्समध्ये असे टॅग वापरतात. दिसायला घड्याळच. आजोबा लिफ्टच्या दाराशी बसवलेल्या अँटेनाच्या टप्प्यात आले, की लिफ्ट थांबून राहते आणि नर्सला अलर्ट जातो. ऑफिसचं कार्ड रीडरला जवळजवळ टेकवावं लागतं. इथे आजोबांनी काहीच करायचं नसतं, म्हणून टॅगमध्ये बॅटरी असते. ती संपली, की लिफ्टच्या लेखी आजोबा गायब! सो, बॅटरी कोण, कधी बदलतं हे पहिल्याच भेटीत विचारा. आगीच्या वेळी बाहेरच्या दारांची लॉक्स आपोआप सुटायला हवीत, हेही. आणि जिना सताड उघडा असेल, तर सगळंच मुसळ केरात.

मला खटकतं ते मात्र वेगळंच. सेफ्टीच्या नावाखाली सगळ्यांनाच चोवीस तास एका मजल्यावर का डांबायचं? अनेक सिस्टिम्समध्ये प्रत्येक टॅगला वेगळी दारं, वेगळ्या वेळा ठरवून देता येतात. ज्या आजींना संध्याकाळी बागेत चक्कर झेपते, त्यांच्यासाठी तेवढा वेळ लिफ्ट चालू ठेवता येते. फक्त सोबतीला एक माणूस लागतो. आणि माणसाला दर महिन्याला पगार द्यावा लागतो, बँडला नाही.