ससा, कासव आणि सई परांजपे

बेंगळुरूत नोकरीला किंवा शिकायला आलेली तीन मुलं एका फ्लॅटमध्ये राहायला लागली की काय काय घडतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. कामाची टाळाटाळ, उधारी आणि एकमेकांना मारलेल्या थापा! असेच तीन मित्र सई परांजपे यांनी दिल्लीच्या एका खोलीत आणून बसवले आणि १९८१ मध्ये 'चश्मेबद्दूर' आला. कपडे धुण्याची पावडर विकायला दारात आलेली दीप्ती नवल आणि गडबडून गेलेला फारुख शेख आठवले, की आजही हसू येतं.

सईंचा जन्म १९३८ चा. रँग्लर परांजपे यांची ही नात. आकाशवाणीचं पुणे केंद्र, मग दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, मग दूरदर्शन, असा त्यांचा प्रवास झाला. सोबत बालनाट्यं आणि मराठी नाटकंही चालूच होती. दूरदर्शनवर हाताशी फारसं काही नसायचं, त्यामुळे सगळी भिस्त माणसांवर आणि संवादांवर. 'चश्मेबद्दूर'चं बीजही दूरदर्शनसाठी केलेल्या 'धुआँ धुआँ' मधलंच.

त्यांच्या विनोदाची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दुबळ्या माणसाची टिंगल करून त्या टाळ्या मिळवत नाहीत. 'स्पर्श' (१९८०) मधल्या अंध मुख्याध्यापकाला कुणी दया दाखवलेली खपत नाही. ही भूमिका करणारे नसीरुद्दीन शाह आणि पटकथा लिहिणाऱ्या सई, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

'कथा' (१९८३) एका मराठी नाटकावरून घेतलेला. मुंबईतली चाळ, साधा कारकून राजाराम म्हणजे कासव आणि बोलबच्चन बाशू म्हणजे ससा. आपण हसतो बाशूच्या थापांना आणि त्या थापांना भुलणाऱ्या चाळकऱ्यांना. मग हळूच लक्षात येतं, अरे, या चाळीत आपणही राहतो! गोड बोलणाऱ्याला आपणही डोक्यावर घेतो आणि राजारामला गृहीत धरतो.

पुढे 'अडोस पडोस' आणि 'छोटे बडे' या मालिका आल्या. गिरणी कामगारांवरचा 'दिशा' आणि गायक बहिणींवरचा 'साज' हे गंभीर चित्रपटही त्यांनीच केले. २००६ मध्ये पद्मभूषण मिळालं. हा सारा प्रवास त्यांनी 'सय' या पुस्तकात सांगितला आहे.

आज मोबाइलवर दिवसभर विनोद येत असतात. कुणाचं वजन, कुणाचा रंग, कुणाची बोली, यांवरच त्यातले कितीतरी बेतलेले. आजी आणि नात शेजारी बसून हसतील, असे त्यात किती? येत्या रविवारी घरच्यांना घेऊन 'कथा' बघा. आणि बघून झाल्यावर एकमेकांना विचारा, आपल्या घरातला राजाराम कोण?