भिंत कोणासाठी, पाणी कोणाच्या दारात?

मिठी नदीचे नाव निघाले की प्रस्थापितांना झोपडपट्टीचे अतिक्रमण आठवते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यात समुद्राला भरती. कुर्ला, कलिना, साकीनाका, धारावी पाण्याखाली गेली, शेकडो माणसे मेली. आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला गेला तो नदीकाठचा गरीब! पण नदी अडवली कोणी, याचा पुरावा नकाशावरच आहे. विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदी काटकोनात वळवली गेली. खाडीची पाणथळ जमीन भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. हे काही झोपडीवाल्याने केले नाही. ते सरकारी शिक्क्याने झाले.

त्याच वर्षी मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. पात्र रुंद करणे, खोल करणे आणि काठाला संरक्षक भिंत बांधणे, ही कामे निघाली. भिंतीला आमचा विरोध नाही. पण भिंत पाणी नाहीसे करीत नाही. त्याची वाट बदलते. नदीची पातळी नाल्याच्या वर गेली की नदीचेच पाणी नाल्यातून उलटे वस्तीत शिरते, आणि वस्तीत पडलेला पाऊस भिंतीआड तुंबतो. म्हणून नाल्याच्या मुखाशी दरवाजे हवेत, उपसा करणारे पंप हवेत, वरच्या भागात पाणी थोपवायला मोकळी जागा हवी. यातले एक गाळले तरी उरते ती नुसती भिंत. १९ ऑगस्ट २०२५ रोजी, म्हणजे वीस वर्षांनंतरही, मिठी फुगली आणि कुर्ल्याच्या क्रांतीनगरातील रहिवाशांना महापालिकेच्या शाळेत हलवावे लागले. त्याआधी तीनच महिने, गाळ उपसण्याच्या कामात सुमारे ६५ कोटींचा घोटाळा झाल्याच्या आरोपावरून आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला होता. खटल्याचा निकाल लागायचा तो लागेल. गाळाचा हिशेब मागण्याचा जनतेचा हक्क त्यासाठी थांबत नाही.

पुराचा प्रश्न तुकड्यातुकड्याने सुटत नाही, हे या देशाला बाबासाहेबांनी सांगितले होते. १९४३ मध्ये दामोदरच्या पुराने बंगालमध्ये हाहाकार उडवला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याच्या परिषदेत त्या संपूर्ण खोऱ्याच्या योजनेचा विचार मांडला. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत, नुसते बांध घालून पूर आवरत नाही, पाणी साठवून लोकांच्या उपयोगी आणले पाहिजे, ही भूमिका त्यांनी घेतली. मिठीच्या बाबतीत मात्र आजही भिंतीचे कंत्राट आधी निघते आणि माणसाचा विचार शेवटी होतो.

हा माणूस कोण? धारावीत चामडे कमावणारा, जरीमरीत शिलाई मारणारा, कुर्ल्यात भंगार निवडणारा, रसायनांची पिंपे धुणारा. बहुतेक दलित, मुस्लिम, परप्रांतीय मजूर. पूर आला की त्याचे घर, मशीन आणि कच्चा माल एकाच वेळी बुडतो. भिंतीसाठी जागा हवी झाली की पात्र-अपात्रतेची यादी लागते. तिथे झोपडीचा पुरावा मागतात. भाड्याच्या गाळ्यात राबणाऱ्याचा रोजगार कोणत्या रकान्यात भरायचा? १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले, तो खटलाही याच मुंबईतला. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना माहुलला रिफायनरीशेजारी नेऊन टाकले, तेव्हा २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला त्यांना दरमहा १५ हजार रुपये भाडे देण्याचा आदेश द्यावा लागला. मिठीकाठी दुसरे माहुल नको.

आमची मागणी भिकेची नव्हे, हक्काची आहे. भिंतीच्या नकाशासोबत पुराची रेषा जाहीर करा: कोणत्या वस्तीत किती पाणी चढणार, ते मराठीत, हिंदीत वस्तीच्या नाक्यावर लावा. पुनर्वसन त्याच परिसरात करा. गाळ्यातल्या कामगाराची नोंद करा, त्याच्या नुकसानीची भरपाई योजनेच्या खर्चातच धरा. नदीला जागा द्यायचीच असेल, तर ती फक्त झोपडीवाल्याकडून का घेता? विमानतळ आणि संकुलाकडेही मोजपट्टी न्या. कायद्यापुढे सर्व समान असतील, तर पुरापुढेही असले पाहिजेत.