फॉर्म टाका टेबलावर!

कॉलेजवाल्यांनो, फीची पावती तुम्ही विसरत नाही. जातीच्या दाखल्याची झेरॉक्स तीनदा मागता. मग सहा नंबरचा फॉर्म देताना हात का आखडतो?

१९१९ साली बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी मताचा हक्क मागितला. १९८९ पासून मत अठराव्या वर्षी आलं. २०२२ पासून सतराव्या वर्षीच अर्ज करता येतो. म्हणजे पोरगं बारावीच्या बाकावरच असतं. सापडत नाही म्हणायची सोय नाही!

त्याच साली मंत्री चंद्रकांत पाटलांनी घोषणा केली: अठरा पूर्ण झालेल्यांना मतदार नोंदणीशिवाय कॉलेजात प्रवेश नाही. वा रे न्याय! काम संस्थेचं, शिक्षा पोराला.

बदलापूर लोकलला लटकणाऱ्या दोस्तांनो, प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये घुसा. वर्गावर्गात फॉर्म वाटायला लावा. मेहेरबानी नको, नोंद पाहिजे!