घर आणि पेढी : दुकानातील लहान जनरेटर

पनवेलहून गोव्याच्या दिशेने निघाले की कर्नाळ्याच्या अलीकडे महामार्गालगत शिरढोण लागते. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. येथे आमच्या एका आप्तांचे किराणा दुकान आहे. गतवर्षी आषाढात त्यांच्याकडे गेलो असता दिवेलागणीला वीज गेली. मागील पडवीतील पेट्रोलचा जनरेटर सुरू झाला, तासाभराने टाकी संपून बंद पडला. शेठजींचा मुलगा कॅन घेऊन धावला. इतक्यात वृद्ध दिवाणजी गादीवरून उठले आणि म्हणाले, "धाकटे शेठ, जरा थांबा. आधी देवापुढची समई शांत करू. यंत्रही निवू द्या. दहा मिनिटांच्या अंधाराने धंदा बुडत नाही."

दिवाणजींचे ते दोन शब्द अनुभवाचे होते. वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या पेढीवर असे लहान यंत्र असते. म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

पेट्रोल स्वतः जळत नाही, जळते ती त्याची वाफ. शून्याखाली सुमारे 40 अंश सेल्सिअस इतक्या थंडीतही पेट्रोलमधून पेट घेण्याजोगी वाफ निघत असते. मग कोकणच्या उकाड्याचे काय सांगावे! ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने वर न जाता जमिनीलगत पसरते. पडवीत सांडलेल्या पेट्रोलची वाफ उंबऱ्याखालून दुकानात येते आणि समई, उदबत्ती किंवा शेगडीपर्यंत पोहोचते. ज्योत दूर आहे, या समजुतीत राहू नये.

म्हणून पेट्रोल भरण्याचा क्रम ठरलेला असावा. यंत्र बंद करावे. सायलेन्सर हाताजवळ नेला असता धग लागणार नाही इतका वेळ, म्हणजे निदान दहा-पंधरा मिनिटे, थांबावे. यंत्र उघड्यावर असावे. उजेडासाठी मेणबत्ती वा कंदील नव्हे, तर विजेरी घ्यावी. नरसाळे वापरावे आणि टाकी काठोकाठ भरू नये. उष्णतेने पेट्रोल फुगते, त्यासाठी जागा ठेवावी. झाकण घट्ट लावावे, सांडलेले पुसून ते फडके बाहेर वाळत टाकावे आणि वास पूर्ण गेल्यावरच दोरी ओढावी. शक्य तर दिवसाउजेडीच टाकी भरून ठेवावी, म्हणजे सायंकाळची घाई उरत नाही.

पंपावर कॅन भरताना तो गाडीतून खाली उतरवून जमिनीवर ठेवावा. गाडीतील गालिच्यावर किंवा आसनावर ठेवलेल्या कॅनमध्ये स्थिर विद्युत साचून ठिणगी पडू शकते. पेट्रोलियम अधिनियम 1934 नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल एकूण 30 लिटरपर्यंत परवान्याविना बाळगता येते. मात्र धातूचे पात्र 25 लिटरपेक्षा आणि काचेचे वा चिनीमातीचे पात्र 1 लिटरपेक्षा मोठे नसावे. प्लॅस्टिकच्या बाटलीला या तरतुदीत स्थान नाही. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत पेट्रोल ठेवणे तर फारच घातक. तहानलेले मूल ती तोंडाला लावते. पात्रावर ठळक अक्षरांत 'पेट्रोल' असे लिहावे.

दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही. तो म्हणजे धुरातील कार्बन मोनॉक्साइड. रक्तातील हिमोग्लोबिनशी हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. डोके दुखते, मळमळते, झोप येते. आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. अर्धे शटर उघडे आहे, खिडकी उघडी आहे, एवढ्याने भागत नाही. यंत्र दारा-खिडक्यांपासून निदान 6 मीटर, म्हणजे वीस फूट, दूर आणि धुराचे तोंड बाहेरच्या दिशेस असावे. पावसासाठी वर पत्र्याचे छप्पर चालेल, परंतु चारही बाजू मोकळ्या हव्यात. त्या आप्तांनी आता जनरेटर पडवीतून काढून अंगणापलीकडे नेला आहे.

तिसरी गोष्ट वायरिंगची. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि जिल्ह्यातील अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. अशा वेळी काही जण जनरेटरची वायर सरळ भिंतीतील सॉकेटमध्ये खोचतात. ही वीज उलट दिशेने ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते, तेथे 230 व्होल्टचे 11,000 व्होल्ट होऊ शकतात आणि तार जोडण्यासाठी खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो. आपला दिवा लावताना दुसऱ्याच्या घरातील दिवा विझू नये. परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा.

आता निगा. काम करण्यापूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि प्लगवरील टोपी काढून बाजूला ठेवावी, म्हणजे चुकून दोरी ओढली गेली तरी यंत्र सुरू होणार नाही. ऑइलची पातळी प्रत्येक वेळी काडीने पाहावी. या आकाराच्या बहुतेक चार-स्ट्रोक इंजिनांत पहिले ऑइल सुमारे 20 तासांनी आणि पुढे दर 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलतात. तरी यंत्रासोबतची पुस्तिका हेच अंतिम प्रमाण मानावे. स्पंजचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्याने धुवावा, पेट्रोलने कधीही नव्हे. तो सुकवून, स्वच्छ ऑइलमध्ये बुडवून, पिळून बसवावा. प्लगची फट साधारणतः 0.7 ते 0.8 मिलिमीटर असते. गवत कापण्याच्या दोन-स्ट्रोक यंत्रात मात्र ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. दोहोंचे कॅन वेगळे ठेवावेत.

सध्याच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. शिरढोणसारख्या दमट हवेत दोन महिने पडून राहिलेले पेट्रोल यंत्र अडवते. जनरेटर बराच काळ लागणार नसेल तर टाकी रिकामी करावी आणि कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत यंत्र चालवावे. काढलेले जुने ऑइल गटारात किंवा भातखाचरात ओतू नये. तेथील असंख्य जीव त्याने गुदमरतात. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे पोहोचवावे.

आणि इतके करूनही आग लागलीच, तर पाणी टाकू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरवते. कोरडी वाळू किंवा पावडरचे अग्निशामक यंत्र जवळ असावे. ज्वाळा मोठ्या असतील तर माल सोडावा, माणसे बाहेर काढावीत आणि 101 वर अग्निशमन दलाला कळवावे.

त्या सायंकाळी समई शांत झाली, आम्ही सर्व जण अंधारात बसलो. दोन गिऱ्हाइके उंबऱ्याशी थांबली, त्यांनाही दिवाणजींनी बसायला सांगितले. पंधरा मिनिटांनी दिवे लागले, वही पुढे सुरू झाली. त्या दिवशीच्या जमाखर्चात या पंधरा मिनिटांची नोंद कोठेही झाली नाही. परंतु पेढीच्या खऱ्या जमेच्या बाजूस ती निश्चितच आहेत.